एक दिवसाच्या काँग्रेस सदस्याचं चरित्र लिहायचं तर

अमेरिकी राजकारण्यांवर छोट्या चरित्र-नोंदी लिहिणं हे माझं आवडीचं काम. नवीन लिहिणाऱ्यांना मी काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, एकच दिवस सदस्य राहिलेल्या एफिंगहॅम लॉरेन्सपासून सुरुवात करायला सांगते.

आधी तारखा पक्क्या करा. लॉरेन्सने ३ मार्च १८७५ रोजी काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात शपथ घेतली आणि लगेच त्या सभागृहाची मुदतच संपली. तेव्हा मुदत मार्चच्या सुरुवातीला संपायची. ३ जानेवारी ही तारीख पुढे विसाव्या घटनादुरुस्तीने आली. आजचं वेळापत्रक डोक्यात ठेवून मोजलं की हिशेब हमखास चुकतो.

मग विचारा, एकच दिवस का? लुइझियानातली १८७२ ची निवडणूक इतकी वादग्रस्त होती की राज्यात दोन-दोन सरकारं विजयाचा दावा करत होती. प्रतिनिधीगृहातली जागा मिळाली रिपब्लिकन जेकब हेल सायफरला. डेमोक्रॅट लॉरेन्सने त्याला आव्हान दिलं. असे वाद मिटवण्याचा अधिकार घटनेने प्रतिनिधीगृहालाच दिलेला, त्यामुळे निकाल लागेपर्यंत मुदत सरत आली. त्या दिवसाचं काँग्रेशनल रेकॉर्ड, म्हणजे काँग्रेसच्या कामकाजाचा अधिकृत वृत्तांत, उघडून वाचाच. लुइझियानाचाच जॉर्ज शेरिडनही त्याच दिवशी सदस्य झाला, तोही पी. बी. एस. पिंचबॅक या कृष्णवर्णीय नेत्याविरुद्धचा वाद जिंकून. शेजारची नोंद पाहिल्याशिवाय ही गोष्ट हाती लागत नाही.

काँग्रेसचा भाग एवढ्यावर आवरा. खरं चरित्र मॅग्नोलियावर, म्हणजे त्याच्या ऊसमळ्यावर आहे.

लॉरेन्स जन्मला न्यूयॉर्कजवळच्या बेसाइडला. १८४३ मध्ये तो लुइझियानात आला आणि प्लेकमिन्स पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा) साखरेच्या धंद्यात पडला. हा धंदा गुलामांच्या कष्टावर चालायचा, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. तळटीपेत ढकलू नका. यादवी युद्धात, १८६२ मध्ये, न्यू ऑर्लिन्स उत्तरेच्या सैन्याने घेतलं, तशी मॅग्नोलियावरच्या गुलामांनी मजुरी मागितली. मालकाने नकार दिला. त्यांनी काम मंदावलं आणि स्वतःच्या वस्तीत चक्क फाशीचा खांब उभारला. हे आपल्याला मळ्याच्या रोजनिशीतून कळतं, म्हणजे मालकाच्या बाजूने लिहिलेल्या कागदातून. वाचताना ते सतत लक्षात ठेवा. आणि नकाशाही जवळ ठेवा: १ जानेवारी १८६३ च्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या लिंकनच्या मुक्तिघोषणेतून ज्या पॅरिश वगळल्या होत्या, त्यांत प्लेकमिन्स होती. त्या घोषणेने ही माणसं मुक्त झाली, असं लिहिलंत तर नोंद सरळ चुकीची ठरेल.

ज्यांच्या घामावर तो मळा उभा होता, त्यांना नोंदीत जागा मिळालीच पाहिजे, यावर मी अडून बसते.

पहिलं वाक्य सगळ्यात शेवटी लिहा. माझं असं आहे: ‘एफिंगहॅम लॉरेन्स (२ मार्च १८२० – ९ डिसेंबर १८७८): लुइझियानातील ऊसमळ्याचा आणि गुलामांचा मालक, १८७५ मध्ये एक दिवस प्रतिनिधीगृहाचा सदस्य.’