गच्चीवरचा पाच काड्यांचा अँटेना

एक काडी उभी, चार खाली तिरक्या. सोसायटीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "कबुतरं बसू नयेत म्हणून का?" हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी लोकांच्या परवाना घेऊन चालणाऱ्या बिनतारी संवादाच्या, २ मीटर बँडचा, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा, हा सोपा अँटेना आहे. उभी काडी सगळे जपून कापतात आणि खालच्या चार स्टँड समजून कशाही लावतात. घोटाळा तिथंच होतो.

आधी लांबी काढू. ३०० भागिले बँडच्या मधली फ्रिक्वेन्सी १४५, म्हणजे तरंगलांबी २.०७ मीटर. तिचा पाव हिस्सा ५१.७ सेंमी. जाड तारेत तो साधारण ५ टक्के कमी धरतात, म्हणून उभी काडी ४९ सेंमी. खालच्या चार थोड्या लांब, ५२ सेंमी.

पुण्यात पसोड्या विठोबापाशी एसओ-२३९ सॉकेट (केबल जोडायचं) मिळेल, जाड तांब्याची तार तपकीर गल्लीत. उभी तार मधल्या पिनला सोल्डर करा, बाकीच्या चार तारा सॉकेटच्या चार भोकांत नट-बोल्टनं आवळा.

आता खरी गंमत. पाव तरंगाची काडी एकटी अर्धीच असते, उरलेला अर्धा भाग या चार काड्या पुरवतात. त्या नसतील तर केबलची बाहेरची जाळीच अँटेना होऊन बसते, केबलला हात लावला तरी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते ते सांगणारा आकडा) हलतो. काड्या आडव्या ठेवल्या तर इम्पिडन्स, म्हणजे अँटेनाचा विद्युत विरोध, ३६ ओहमच्या आसपास येतो, ४५ अंशांत खाली वाकवल्या की ५० च्या जवळ. आपली केबलही ५० ओहमचीच, म्हणून दोन्ही जुळतात.

सॉकेट पीव्हीसी पाइपच्या टोकावर बसवा, केबल पाइपमधून खाली आणा. ती आखूडच ठेवा. १५ मीटर आरजी-५८ या बारीक केबलमध्ये या बँडवर जवळजवळ निम्मी पॉवर वाटेतच संपते.

मग एसडब्ल्यूआर पाहा. १४४ ला कमी आणि १४६ कडे वाढत असेल तर उभी काडी लांब आहे. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच छाटा; ५ मिलिमीटर उडवले की जवळपास दीड मेगाहर्ट्झ सरकलात. एसडब्ल्यूआर दीडच्या खाली आला की पक्कड ठेवून द्या, १.१ च्या मागे लागू नका.

सांध्यांना एम-सील लावा, पुण्याचा पाऊस फट शोधतोच. वळवाच्या विजा सुरू झाल्या की केबल सेटमधून काढून ठेवा. आणि परीक्षा देऊन लायसन्स हातात येईपर्यंत फक्त ऐका, पीटीटीला, म्हणजे बोलायच्या बटणाला, बोट लावू नका.