जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताना
कोथरूडला आमच्या सोसायटीत कुणी जुनी इलेक्ट्रिक गाडी बघायला निघालं की मी सोबत जाते. सगळे घाबरतात मोठ्या बॅटरीला. तिच्यावर बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. ती दुसऱ्या मालकाला लागू आहे का, हे लेखी घ्या. सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्टही मागा.

मला खरी काळजी १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीची वाटते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही, कारण मोठ्या बॅटरीचा पुरवठा सुरू करणारे कॉन्टॅक्टर हिच्याच विजेवर चालतात. ती कधी बदलली, हे विचाराच. स्वस्तात बदलून मिळते, मग कात्रजच्या घाटात अडकायचं कशाला?

टायर नीट बघा. वजन आणि टॉर्क (चाक फिरवणारा जोर) जास्त, त्यामुळे ते लवकर झिजतात. ब्रेक पॅड मात्र खूप टिकतात.

विम्याचा कोटेशन सौद्याआधी घ्या. पार्किंगमध्ये चार्जिंगसाठी महावितरणकडून वेगळं मीटर घेता येतं. घरच्या मीटरवर युनिट वाढले की वरचा स्लॅब लागतो. आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय पहिलं चार्जिंग करूच नका.