जुन्या हार्ड डिस्कमधल्या फायली सुखरूप कशा काढायच्या

बंद पडलेल्या लॅपटॉपमधून किंवा माळ्यावरच्या पीसीमधून काढलेली डिस्क, आणि तिच्यात अडकलेले घरचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, दुकानाचे हिशेब. हा लेख अशा डिस्कसाठी आहे.

एक नियम शेवटपर्यंत पाळा : जुन्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. कट-पेस्ट नको, डीफ्रॅग (फायलींची फेरमांडणी) नको. ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विंडोजने विचारलं तर रद्द करा. आणि ‘आधी चेकडिस्क मारून घ्या’ हा सर्रास मिळणारा सल्ला अजिबात ऐकू नका. चेकडिस्क ही विंडोजची डिस्क दुरुस्त करायची सोय. तिला डिस्कची मांडणी सुसंगत करायची असते, त्यात तुमची एखादी फाइल गेली तरी तिला चालतं. शिवाय ही दुरुस्ती ती त्याच आजारी डिस्कवर लिहून करते. कॉपी आधी, दुरुस्ती नंतर.

जोडणी सोपी आहे. लॅपटॉपच्या २.५ इंची साटा डिस्कला साटा-यूएसबी केबल पुरते. पीसीच्या ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतोच. मागे दोन ओळींत मिळून ४० पिना दिसल्या तर ती जुन्या जोडणीची आयडीई डिस्क, तिचा कन्व्हर्टर वेगळा मिळतो. डिस्क सपाट ठेवा, चालू असताना हलवू नका. लॅपटॉपचा स्लीप मोड बंद करा. ज्यावर कॉपी घ्यायची ती नवी डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असू द्या, कारण फॅट३२ पद्धतीच्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

डिस्क सुरू झाली की कान द्या. ठरावीक अंतराने टक-टक आवाज येत असेल तर लगेच वीज काढा आणि डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याकडे न्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय कुणी सांगितला तर हात जोडा, कारण गार डिस्क बाहेर काढली की तिच्यात दव धरतं. आवाज ठीक असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींतला ‘रॉ व्हॅल्यूज’चा रकाना पाहा. तो खराब जागांचा हिशेब असतो. तिथे शून्य नसेल तर सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर सगळ्यात आधी घ्या.

आता कॉपी. मला सुरुवातीला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने. फाइल एक्सप्लोररमध्ये सगळं निवडून पेस्ट केलं की दोन ठिकाणी घोडं अडतं. पहिलं, जुन्या विंडोजचं युजर्स फोल्डर ‘परवानगी नाही’ म्हणतं आणि ‘कंटिन्यू’ दाबायला सांगतं. ते दाबलं की विंडोज जुन्या डिस्कवरच्या फायलींच्या परवानग्या बदलत सुटतं, म्हणजे लिहितं. दुसरं, एखादा फोटो खराब सेक्टरवर (डिस्कच्या नीट न वाचता येणाऱ्या तुकड्यावर) असला की कॉपी तिथेच लटकते आणि काय आलं, काय राहिलं याची नोंद कुठेच राहत नाही.

म्हणून रोबोकॉपी वापरा. ही कॉपी करायची कमांड विंडोजमध्येच असते. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. रोबोकॉपी हे नाव, जुन्या फोल्डरचा पत्ता, नव्या फोल्डरचा पत्ता, आणि पुढे इंग्रजीत हे पर्याय : स्लॅश ई (आतली सगळी फोल्डरं), स्लॅश बी (परवानग्यांना हात न लावता वाचणं), स्लॅश एक्सजे (स्वतःकडेच वळणारी फोल्डरं टाळणं), स्लॅश आर कोलन ०, स्लॅश डब्ल्यू कोलन ०. शेवटचे दोन विसरलात तर पंचाईत. आपण काही सांगितलं नाही तर रोबोकॉपी न वाचता येणारी फाइल दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, पुन्हा वाचायला जाते. एका फोटोपायी जवळजवळ वर्ष जाईल, आणि तोवर डिस्क उरणार नाही.

नोंदीसाठी स्लॅश युनिलॉग कोलन आणि फाइलचं नाव द्या. साधा लॉग घेतला तर ‘आजीची पंचाहत्तरी’ या फोल्डरच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. पत्ता अवतरण चिन्हांत असेल तर शेवटी बॅकस्लॅश ठेवू नका, कमांड बिघडते. ड्राइव्हच्या मुळापासूनही कॉपी करू नका, कारण नवं फोल्डर लपलेलं होऊन बसतं आणि माणूस घाबरतो. एकेक फोल्डर घ्या. आणि स्लॅश एमआयआर कुणी कितीही सुचवलं तरी नाही म्हणजे नाही. जुन्या फोल्डरमध्ये नसलेलं सगळं ते नव्या फोल्डरमधून पुसतं.

मध्येच केबल सुटली तर तीच कमांड पुन्हा द्या, आलेल्या फायली ती सोडून देते.

डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉपवर थांबू नका. एक्सपीच्या डिस्कवर युजर्स नसतं, डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज असतं. टॅलीचा डेटा बहुधा टॅलीच्याच फोल्डरमध्ये असतो. आणि विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर घ्याच. श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर त्या फॉन्टशिवाय उघडला तर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. लोक फाइल खराब झाली समजून पुसून टाकतात, याचं फार वाईट वाटतं.

शेवटी लॉगच्या तळाशी ‘फेल्ड’चा रकाना पाहा. तिथे आकडा असेल तर फक्त त्या फोल्डरांसाठी स्लॅश आर कोलन २ देऊन पुन्हा चालवा. तरीही महत्त्वाच्या फायली अडल्या तर लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या कमांडने अख्ख्या डिस्कची प्रतिमा (जशीच्या तशी प्रत) घ्या. ती आधी चांगले भाग उचलते आणि खराब भागांकडे नंतर वळते. नव्या डिस्कवरचे काही मोठे व्हिडिओ मध्यापासून, शेवटापासून चालवून बघा. आणखी एक प्रत तिसरीकडे होईपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करू नका, भंगारात देऊ नका.