हार्वेस्टरच्या टाकीतले ऑगर: झाकणाची फट कशी लावायची

सोयाबीनला हार्वेस्टर लावताना मळणीच्या ड्रमचे फेरे, कॉन्केव्ह (ड्रमखालची जाळी), चाळण्या, पंखा सगळे बघितले जाते. दाण्याच्या टाकीच्या तळाशी असलेल्या ऑगरवरचे, म्हणजे फिरून माल पुढे सरकवणाऱ्या मळसूत्री पात्याच्या दांड्यावरचे, झाकण मात्र गव्हाला लावले होते तसेच राहते. मग ट्रॉली भरताना बेल्ट ओरडतो, शिअर बोल्ट (जास्त ताण आला की बाकीचे यंत्र वाचवायला आधी तुटणारा बोल्ट) तुटतो, नाहीतर पाइपातून माल रडतखडत येतो आणि दोष इंजिनाला दिला जातो. झाकण लावायला एक-दोन पान्हे आणि थोडा वेळ पुरतो, फक्त ते रिकाम्या टाकीतच करावे लागते.

टाकीत काय काय फिरते

चाळणीखाली आलेला स्वच्छ दाणा एलिव्हेटरची चेन वर चढवते आणि वरचा ऑगर तो टाकीत सोडतो. याला इथे भरणी ऑगर म्हणू. टाकीच्या तळाला एक किंवा दोन आडवे ऑगर असतात. ते माल एका बाजूच्या खोलगट भागात ओढून आणतात आणि तिथून अनलोडिंग पाइपातला ऑगर तो ट्रॉलीत टाकतो.

तळाच्या ऑगरवर छपरासारखे वाकवलेले पत्र्याचे झाकण असते. त्याच्या दोन्ही टोकांना लांबट खाचा किंवा एकाखाली एक छिद्रे असतात आणि त्यात बोल्ट. बोल्ट सैल करून झाकण वर-खाली करता येते. झाकणाची कड आणि टाकीचा तळ यांच्यामधली जी फट, तिच्यातूनच दाणा ऑगरच्या पात्यात शिरतो. फट मोठी केली की माल जास्त शिरतो, लहान केली की कमी. शिवाय टाकीतल्या मालाचे वजन झाकण आपल्यावर झेलते. झाकण काढून टाकले तर ते सगळे वजन थेट ऑगरवर बसते आणि भरल्या टाकीत ऑगर सुरूच होत नाही. टाकी लवकर रिकामी व्हावी म्हणून झाकणे काढून चालवलेली यंत्रे दिसतात. त्यात ऑगरही उघडा पडतो आणि माणसाच्या पायालाही आडोसा राहत नाही.

हात घालण्याआधी

टाकी पूर्ण रिकामी करा. अनलोडिंगचा लिव्हर बंद, इंजिन बंद, किल्ली काढून टाकीत उतरणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात. कॅबिनमध्ये ‘दादा बसलाय, तो नाही चालू करणार’ यावर भरवसा ठेवू नका. गळ्यातला गमछा, सैल बाह्या बाहेरच काढून ठेवा. पात्याची कड घासून सुरीसारखी झालेली असते, म्हणून हातमोजे घाला, पण इंजिन बंद असतानाच. चालत्या यंत्रावर तेच हातमोजे पात्यात अडकून हात ओढतात.

फट कशी लावायची

यंत्राचे पुस्तक असेल तर त्यात पिकानुसार छिद्राचा क्रमांक किंवा मिलिमीटर दिलेले असतात, तिथून सुरुवात करा. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून घेतलेल्या यंत्राबरोबर पुस्तक क्वचितच येते. अशा वेळी मधल्या छिद्रापासून सुरुवात करा.

आधी सध्याची जागा ऑइल पेंटने खूण करून ठेवा. मग दोन्ही टोकांचे नट सैल करा. पूर्ण काढू नका, नाहीतर झाकण ऑगरवर पडते आणि पुन्हा बसवताना दुसरा माणूस लागतो. लाकडाचे दोन सारख्या जाडीचे ठोकळे कडेखाली, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला सरकवा, झाकण त्यावर टेकवा आणि नट आवळा. ठोकळे वापरले की टेप धरून मोजण्यापेक्षा फट नेमकी येते आणि पुढच्या वेळी तेच ठोकळे कामी येतात. त्यावर पिकाचे नाव लिहून टूलबॉक्समध्ये ठेवून द्या.

आता एक बारकावा. ऑगरच्या पात्यांचे अंतर सगळीकडे सारखे असेल तर तो पाइपापासून लांबच्या टोकालाच गच्च भरतो. पाइपाजवळ पोचेपर्यंत पात्यात जागा उरत नाही, त्यामुळे लांबच्या बाजूचा माल आधी उतरतो आणि पाइपाच्या बाजूचा ढीग तसाच उभा राहतो. टाकी अशी एकतर्फी उतरत असेल तर लांबच्या टोकाची फट थोडी कमी आणि पाइपाकडची थोडी जास्त ठेवा. माळरानाच्या उतारावर यंत्र तिरके उभे असतानाही माल असाच एका बाजूला राहतो, म्हणून हे ठरवण्याआधी यंत्र सपाट जागी उभे करून बघा.

फट लावल्यावर पहिली टाकी अर्धीच भरा आणि उतरवून पाहा. ऑपरेटरने कॅबिनमधून नाही, तर ट्रॉलीजवळ सुरक्षित अंतरावर उभे राहिलेल्या दुसऱ्याने पाइपाच्या तोंडाकडे बघायचे. टाकीत माल असूनही पाइप अर्धाच भरून येत असेल तर फट एक छिद्र वाढवा. पाइप भरून येतोय, पण बेल्ट ओरडतोय, रबर जळाल्याचा वास येतोय, इंजिन दबतेय, तर एक छिद्र कमी करा. एका वेळी एकच छिद्र बदला. मग पूर्ण टाकी भरून तीच परीक्षा. अर्ध्या टाकीला चाललेली फट भरल्या टाकीला जास्त ठरू शकते.

अनलोडिंग सुरू करताना इंजिनाचे आरपीएम कमी ठेवून लिव्हर टाका आणि ऑगर फिरू लागल्यावर रेस वाढवा. पूर्ण रेसवर लिव्हर टाकला की गच्च भरलेल्या ऑगरला एकदम झटका बसतो आणि फट बरोबर असतानाही बोल्ट जातो. मध्येच थांबवणे, पुन्हा सुरू करणे हेही तसेच महागात पडते. ट्रॉली लहान असेल तर तेवढाच माल होईपर्यंत कापा आणि टाकी एका दमात उतरवा. काही यंत्रांत तळाचे ऑगर आणि पाइपाचा ऑगर वेगवेगळे बंद करता येतात. तिथे आधी तळाचे बंद करून पाइप रिकामा होऊ द्या.

पिकानुसार

सोयाबीन, गहू, हरभरा हे वाळलेले असताना घसरणारे आणि वजनदार असतात. घनमीटरला साधारण साडेसातशे किलोच्या आसपास. ते फटीतून पाण्यासारखे शिरतात, म्हणून फट लहान. ज्वारी आणि वाळलेला मकाही याच गटात धरा. करडई आणि सूर्यफूल हलके, सूर्यफूल तर त्याच जागेत निम्म्याच्या आसपास भरते. त्यात काडीकचराही जास्त असतो, त्यामुळे माल झाकणावर पूल बांधून बसतो आणि खाली ऑगर मोकळा फिरतो. त्यांना फट मोठी.

ओल्या मालाचे वेगळेच दुखणे. परतीचा पाऊस झाल्यावर घाईने काढलेले सोयाबीन, किंवा छत्रपती संभाजीनगर-जालन्याकडचा ओलसर मका, एकीकडे पूल बांधतो आणि दुसरीकडे ऑगरमध्ये शिरल्यावर जड ओढतो. फट वाढवली तर बोल्ट तुटतो, कमी केली तर माल उतरत नाही. यावर फटीत उपाय शोधू नका. फट लहान ठेवा, टाकी पाऊण भरली की उतरवा आणि माल रात्रभर टाकीत ठेवू नका. शक्य असेल तर दुपारपर्यंत थांबा. आर्द्रता 15 टक्क्यांच्या वर असलेले सोयाबीन कापण्यात तसाही फायदा नाही, हमीभाव खरेदीचा नेहमीचा निकष 12 टक्के आहे.

हरभऱ्याचे उलट. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दाणा इतका वाळतो की दुपारी काढला तर डाळच हाती येते. सकाळी कापा. फुले विक्रमसारखे उंच वाढणारे वाण असेल तर कटरबार जमिनीपासून वर ठेवता येतो. बुटक्या हरभऱ्यात काळ्या मातीची बारीक ढेकळे टाकीत येतात. ती ऑगरखाली दळली जातात, पात्याची कड खातात आणि माल काळा करतात.

भरणी ऑगर

काही यंत्रांत हा घडीचा असतो किंवा त्याची उंची बदलता येते, तर काहींत तोंडाशी दिशा देणारा पत्रा असतो. ऑगरचे तोंड नेहमी मालाच्या ढिगाच्या वर मोकळे राहिले पाहिजे. ते बुडाले की दाणा दाबला जातो, डाळ होते, दाब मागे एलिव्हेटरवर येतो आणि चेनचा क्लच कटकट वाजू लागतो. तो आवाज आला की कापणी तिथेच थांबवा.

आपल्याकडे टाकीला वरून पत्रे किंवा फळ्या जोडून क्षमता वाढवण्याची हौस फार. पत्रे जोडा, पण भरणी ऑगर तेवढाच वर घ्या. तो वर घेता येत नसेल तर पत्रे जोडू नका. सगळा ढीग एका कोपऱ्यात होत असेल तर तोंडाचा पत्रा फिरवून माल मध्यावर पाडा.

घडीचा ऑगर असेल तर थ्रेशर सुरू करण्याआधी तो पूर्ण उघडून खिट्टी बसली का ते बघा. गावातून जाताना मात्र घडी घालूनच जा. शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा बऱ्याच ठिकाणी खाली लोंबतात.

डाळ नेमकी कुठे होते?

बियाण्याचा प्लॉट असेल तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. दाणा फुटला की सगळे ड्रमवर ढकलतात. तीन ठिकाणचा नमुना घ्या: एलिव्हेटरच्या खालच्या दारातून, उतरवण्याआधी टाकीतून आणि ट्रॉलीतून. पहिले दोन्ही नमुने यंत्र बंद करूनच. प्रत्येकातले 100 दाणे मोजून फुटलेले वेगळे करा.

एलिव्हेटरच्या दारातच डाळ जास्त असेल तर दोष ड्रम-कॉन्केव्हचा. सोयाबीन बियाण्यासाठी 14 टक्के ओलाव्याला मिनिटाला 400 ते 500 आणि 13 टक्क्यांना 300 ते 400 फेरे ही कृषी विभागाची मळणीची शिफारस आहे. दारात कमी आणि टाकीत जास्त असेल तर एलिव्हेटरची चेन सैल आहे किंवा भरणी ऑगर बुडतोय. चेनचा ताण बघताना खालच्या स्प्रॉकेटवर (दातेरी चाकावर) कडी हाताने बाजूला किंचित सरकली पाहिजे, पण दातांवरून उचलली जाता कामा नये. टाकीत कमी आणि ट्रॉलीत जास्त असेल तर तळाचे ऑगर आणि पाइप तपासा.

तिथे दोन कारणे असतात. एक, पाते घासून पाते आणि पत्रा यांच्यात दाण्याएवढे अंतर पडले आहे. दाणा त्यात अडकतो आणि फुटतो. घासलेल्या पात्यावर नवी पट्टी वेल्ड करून घ्या किंवा ऑगर बदला. दुसरे, फट फार लहान असल्याने पाइप अर्धा रिकामा फिरतोय. अर्धवट भरलेल्या ऑगरमध्ये दाणे उडून पत्र्यावर आदळतात, भरलेल्या ऑगरमध्ये ते एकमेकांच्या आधाराने सरकतात. बियाण्यासाठी पाइप भरून चालेल एवढी फट ठेवा, ऑगर सुरू झाल्यावरही रेस अर्ध्या-पाऊणवरच ठेवा आणि पाइपाच्या तोंडाला रबरी नळकांडे लावून ते ढिगाजवळ आणा.

डोळ्याला न दिसणाऱ्या भेगांसाठी 100 अख्खे दाणे पाण्यात टाका आणि पाच मिनिटांनी बघा. जे फुगून सुरकुतले त्यांचे टरफल फाटलेले आहे. ते मोजा. पेरणीआधी उगवण चाचणी करायचीच आहे, पण ही परीक्षा बांधावरच होते आणि सेटिंग त्याच दिवशी बदलता येते.

शिअर बोल्ट तुटला तर

नवा बोल्ट घालून लगेच सुरू करू नका, तोही तुटेल. इंजिन बंद करा, टाकीच्या तळाचे साफसफाईचे दार उघडून खाली ताडपत्रीवर ऑगरभोवतीचा माल काढा. दार उघडले की माल धो-धो येतो, हात बाजूला ठेवा. शाफ्टला पाइप पाना लावून ऑगर मागे-पुढे हलवा. मोकळा झाला तरच पुढे जा. अडकलेला दगड, धोंडा, वेलीचा गुंता, कधी पान्हासुद्धा निघतो. मग पंचने तुटका तुकडा बाहेर काढा, छिद्रे समोरासमोर आणा आणि नवा बोल्ट घाला.

बोल्ट त्याच जाडीचा आणि डोक्यावर मजबुतीचा तोच आकडा असलेला हवा. 8.8 च्या जागी 10.9 चा घातला की बोल्ट टिकतो आणि गिअरबॉक्स जातो. खिळा किंवा सळईचा तुकडा ठोकणे तर सोडूनच द्या. सिझनला निघताना योग्य मापाचे पाच-सहा बोल्ट नटांसह डब्यात ठेवा, रात्री दहा वाजता आडगावात ते मिळत नाहीत.

पूल बांधलेला माल मोकळा करायला टाकीत उतरून पायाने ढकलू नका. ऑगर चालू असताना खालचा माल सरकला की माणूस गुडघ्यापर्यंत ओढला जातो, आणि मग वरून त्याला ओढून काढता येत नाही. अनलोडिंग आणि इंजिन बंद करा आणि बाहेर शिडीवर उभे राहून लांब बांबूने ढोसा.

वाण बदलताना

सोयाबीनच्या एमएयूएस 162 वाणाचा प्लॉट काढून दुसऱ्या शेतात फुले संगम काढायला गेलात तर आधीच्या वाणाचा माल तळाच्या ऑगरखाली, एलिव्हेटरच्या बुडाशी आणि पाइपात राहिलेला असतो. दोन्ही साफसफाईची दारे उघडा, यंत्रापासून सगळे लांब झाल्यावर रिकामे मिनिटभर फिरवा, इंजिन बंद करून ब्लोअरने हवा मारा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटलेला थर खरवडून काढा. नव्या शेतातले पहिले एक-दोन कट्टे बियाण्यात न घेता बाजारासाठी वेगळे ठेवा. सिझन संपल्यावर ही दारे उघडीच ठेवली तर आत ओल धरत नाही, फक्त उंदरांसाठी बारीक जाळी लावा.