जुन्या फिल्म कॅमेऱ्याचा लाइट मीटर चुकतो तेव्हा

जुन्या कॅमेऱ्यातले फोटो बिघडले की पहिला संशय लाइट मीटरवर, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या भागावर, जातो; पण कॅमेऱ्याला हात लावण्याआधी निगेटिव्ह उजेडासमोर धरून पाहावी. तिच्या कडेला फिल्मचे नाव आणि फ्रेमचे आकडे उमटलेले असतात. हे आकडे ठसठशीत असूनही चित्रे विरळ, म्हणजे फिकट व पारदर्शक, असतील, तर फिल्मला प्रकाश कमी मिळालेला आहे. आकडेही पुसट असतील, तर दोष बहुधा डेव्हलपिंगचा असतो. चित्रे गडद, दाट आली असतील, म्हणजे प्रकाश जास्त मिळाला असेल, तर मीटरइतकाच संशय रेंगाळणाऱ्या शटरवर आणि ॲपर्चरच्या (लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या) तेलकट झालेल्या पात्यांवर घ्यावा. लेन्स एफ १६ वर, म्हणजे ॲपर्चर बरेच लहान, ठेवून, मागचे झाकण उघडून शटर दाबल्यास पाती चटकन मिटतात की आळसावतात, हे डोळ्यांनाच दिसते.

आयएसओची (फिल्मच्या प्रकाश-संवेदनशीलतेच्या आकड्याची) तबकडी फिल्मशी जुळते ना, हे पाहून बॅटरीकडे वळावे, कारण मीटरच्या निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच असते, असे माझे मत आहे. मिनोल्टा एसआरटी १०१ सारख्या कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बांधलेले होते आणि ही बॅटरी आता बाजारात मिळत नाही. तिच्या जागी १.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी घातली, की मीटरची सुई प्रत्यक्षापेक्षा जास्त प्रकाश दाखवते आणि फोटो अंधारे येतात. शिवाय अल्कलाइनचा विजेचा दाब (व्होल्टेज) वापरासोबत घसरत असल्याने चूकही रोज बदलत राहते. श्रवणयंत्रासाठी मिळणारी ६७५ आकाराची झिंक-एअर बॅटरी सुमारे १.४ व्होल्ट देते आणि बारीक कडे लावून ती खोबणीत बसते. तिला हवा लागते, म्हणून तिच्यावरची छिद्रे झाकू नयेत. छिद्रांवरची मूळ चिकटपट्टी काढल्यावर मात्र ती वापर नसला तरी काही आठवड्यांत संपते. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मीटरचे सर्किट दाबातला असा फरक सांभाळून घेते, त्यामुळे तिथे ही खटपट लागत नाही.

सुई मुळीच हलत नसेल, तर बॅटरीच्या खोबणीतील पत्र्यावर हिरवट-पांढरी पूड दिसते का ते पाहावे. अल्कलाइनच्या गळतीची पूड व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने निघते. नंतर तो भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करावा. पूड तारेपर्यंत पोहोचली असल्यास तार बदलण्यावाचून गत्यंतर नसते. ऑलिंपस ट्रिप ३५ मध्ये बॅटरीच नसते, तिचा सेलेनियम सेल (प्रकाशापासून वीज बनवणारा भाग) प्रकाशावरच चालतो आणि तो थकला, तर तो बदलावाच लागतो.

खरी परीक्षा तुलनेत होते. एकसारखा प्रकाश पडलेली साधी भिंत निवडून भरवशाच्या दुसऱ्या मीटरशी वाचन ताडून पाहावे आणि हेच मंद, मध्यम व प्रखर अशा तिन्ही प्रकाशांत करावे. चूक सगळीकडे सारखीच, समजा एक स्टॉप (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी) अंधाराकडे असेल, तर २०० आयएसओच्या फिल्मसाठी तबकडी १०० वर ठेवली की काम भागते. प्रकाशागणिक चूक बदलत असेल, तर तबकडीचा इलाज चालत नाही. बॅटरीचा दाब बरोबर असूनही असे होत असल्यास सेल किंवा सर्किट बिघडलेले समजून दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावे. तोवर भर उन्हात १०० आयएसओची फिल्म एफ १६ आणि १/१२५ सेकंदावर बिनधास्त वापरता येते.