क्वांटम फोटॉनिक्समध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी: आधी लॉसचा हिशेब शिका

एकेकट्या फोटॉनशी, म्हणजे प्रकाशाच्या कणांशी, खेळणाऱ्या या क्षेत्रात येणारे बहुतेक जण एन्टँगलमेंटवर (कणांच्या क्वांटम गुंत्यावर) तासभर बोलू शकतात. पण स्रोतातून निघालेल्या शंभर फोटॉनपैकी डिटेक्टरपर्यंत किती पोचतात, असं विचारलं की गाडी अडते. खरं तर लॅबमधलं निम्मं काम याच एका आकड्याभोवती फिरतं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये सिग्नल क्षीण झाला तर ॲम्प्लिफायर लावता येतो. एकट्या फोटॉनच्या अज्ञात अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, त्यामुळे इथे ती सोय नाही. गेला तो गेला. शिवाय हा तोटा फोटॉनच्या संख्येबरोबर घाताने वाढतो. प्रत्येक फोटॉन पोचण्याची शक्यता ५०% असेल, तर चार फोटॉन एकदम पोचण्याची शक्यता ६.२५% आणि आठ फोटॉनची जेमतेम ०.४%.

म्हणून पहिल्या आठवड्यातच डीबीमध्ये (डेसिबल, म्हणजे गुणोत्तर मोजायचं लॉगरिदमिक एकक) विचार करायची सवय लावा. ३ डीबी म्हणजे निम्मा प्रकाश गेला, १० डीबी म्हणजे दहावा हिस्सा उरला, १ डीबी म्हणजे साधारण एक पंचमांश गेला. डीबीची नुसती बेरीज करायची असते, हीच त्यातली मजा. वहीत एक तक्ता ठेवा: फायबर कपलिंग ७०% म्हणजे १.५ डीबी, दोन कनेक्टर मिळून ०.६, फिल्टर ०.५, बीमस्प्लिटरचा (किरण दोन वाटांत विभागणारा भाग) जादा लॉस ०.४, डिटेक्टर ६०% म्हणजे २.२. एकूण ५.२ डीबी, म्हणजे शंभरातले तीसच फोटॉन मोजले जाणार. तक्ता तीस म्हणतो आणि मोजमाप बारा म्हणतं, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे लगेच कळतं. तक्ताच नसेल तर बारा हा आकडाही चांगलाच वाटतो.

शिकायला सगळ्यात बरा स्रोत म्हणजे ४०५ नॅनोमीटरचा डायोड लेझर आणि बीबीओ किंवा पीपीकेटीपी क्रिस्टल. पंपाचा, म्हणजे या लेझरचा, एक फोटॉन क्वचित कधीतरी ८१० नॅनोमीटरच्या दोन फोटॉनमध्ये फुटतो. ही तरंगलांबी निवडतात ती सिलिकॉनच्या ॲव्हलांश डिटेक्टरांमुळे. ते या भागात ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतात आणि त्यांना क्रायोस्टॅट (अतिशीत ठेवणारं उपकरण) लागत नाही. पीपीकेटीपी असेल तर क्रिस्टलच्या ओव्हनचं तापमान अंशाच्या दहाव्या भागापर्यंत स्थिर हवं, नाहीतर दोन फोटॉनच्या तरंगलांब्या एकमेकींपासून सरकतात.

अलाइनमेंटला हात लावण्याआधी सुरक्षेचं. ४०५ नॅनोमीटरचा किरण डोळ्याला मंद दिसतो, कारण त्या टोकाला डोळ्याची संवेदनशीलता फार कमी असते. पॉवर मात्र तितकी कमी नसते. ५ मिलिवॅटच्या वर गेलात की लेझर ३बी वर्गात जातो. त्या तरंगलांबीचा चष्मा घाला, घड्याळ आणि अंगठी काढा, किरणाच्या उंचीवर डोळे नेऊ नका. खाली पडलेला स्क्रू उचलायचा असेल तर आधी शटर बंद करा.

मग उलट्या दिशेने सुरुवात करा. ज्या फायबरमध्ये फोटॉन गोळा करायचे आहेत, त्याच फायबरच्या दुसऱ्या टोकातून ८१० नॅनोमीटरचा साधा लेझर सोडा आणि त्याचा ठिपका क्रिस्टलच्या मध्यावर पंपाच्या ठिपक्याशी जुळवा. जागा तर जुळायला हवीच, ठिपक्यांचा आकारही जुळायला हवा. आकाराकडे दुर्लक्ष झालं की कपलिंग एका मर्यादेपुढे जात नाही, आणि माणूस आरशांचे स्क्रू फिरवत बसतो. दोन्ही बाजू जुळल्या की अलाइनमेंट लेझर काढा, खोलीतले दिवे बंद करा आणि मगच डिटेक्टर जोडा. उजेडात चालू केलेला एकल-फोटॉन डिटेक्टर कायमचा खराब होऊ शकतो. उपकरणांवरचे इवलेसे एलईडीसुद्धा काळ्या टेपने झाका; अंधारात मोजणी अकारण वाढलेली दिसली की बहुतेक वेळा तोच चोर असतो.

फायबरबाबत दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे कपाटात पडलेलं दूरसंचाराचं फायबर ८१० नॅनोमीटरला वापरणं. त्याची कटऑफ (जिच्याखाली प्रकाश एकाहून जास्त मोडमध्ये, म्हणजे आकारांत, वाहू लागतो ती तरंगलांबी) १२६० नॅनोमीटरच्या जवळपास असते, म्हणजे ८१० ला ते सिंगल मोड राहतच नाही. त्यात कपलिंग झकास दिसतं आणि पुढे इंटरफेरन्सची व्हिजिबिलिटी (ठळकपणा) कोसळते. दुसरी चूक म्हणजे हिरवा एपीसी कनेक्टर निळ्या पीसी कनेक्टरला जोडणं. एपीसीचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, ते सपाट टोकाशी टेकत नाही. लॉस वाढतो आणि टोकं ओरखडतात. प्रत्येक जोडणीआधी टोक पुसा आणि फायबर मायक्रोस्कोपखाली बघा. हा आळस सगळ्यात महाग पडतो.

आता खरी मोजणी. दोन्ही डिटेक्टर सेकंदाला लाखभर मोजताहेत आणि कोइन्सिडन्स (दोन्हीकडे एकाच वेळी आलेल्या जोड्या) जवळपास शून्य, हा प्रसंग प्रत्येक नवख्यावर येतो. क्रिस्टलवर संशय घेण्याआधी केबल मोजा. कोएक्स केबलमध्ये सिग्नलला एका मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, फायबरमध्येही तेवढेच. कोइन्सिडन्सची खिडकी (किती वेळात आलेल्यांना जोडी मानायचं ती मर्यादा) २ नॅनोसेकंदांची असेल आणि एका बाजूची केबल मीटरभर लांब असेल, तर खऱ्या जोड्या खिडकीबाहेरच पडतात. टाइम टॅगरवर (प्रत्येक मोजणीची वेळ नोंदवणारं उपकरण) आधी शंभरेक नॅनोसेकंदांचा हिस्टोग्राम काढा, शिखर कुठे आहे ते पाहा, तेवढा विलंब भरा, मग खिडकी लहान करा.

योगायोगाने जुळणाऱ्या जोड्या वेगळ्या काढायला सूत्र सोपं आहे: दोन्ही मोजण्यांचा गुणाकार गुणिले खिडकी. एक लाख गुणिले एक लाख गुणिले २ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाला २० खोट्या जोड्या. खऱ्या जोड्या दहा हजार असतील तर हे किरकोळ आहे. पन्नास असतील तर नाही. पंपाची पॉवर वाढवली की खऱ्या जोड्या त्याच प्रमाणात वाढतात, खोट्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. म्हणून 'पॉवर वाढवून बघू' हा उपाय बऱ्याचदा निकाल बिघडवतो. कोइन्सिडन्सला एका बाजूच्या मोजणीने भागलं की हेराल्डिंग कार्यक्षमता, म्हणजे एक फोटॉन दिसल्यावर त्याचा जोडीदारही दिसण्याची शक्यता, मिळते. वरच्या आकड्यांत ती १०% येते. मघाच्या तक्त्याशी ती ताडून पाहा. त्रुटी किमान वर्गमुळाइतकी धरा: १०० मोजण्यांवर १०, दहा हजारांवर १००. पार्श्वभूमी वजा केली असेल तर तसं लिहा, आणि वजा न केलेला आकडाही शेजारी द्या.

यानंतर होंग-ऊ-मँडेल प्रयोग करा. १९८७ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आजही स्रोताची खरी परीक्षा घेतो. अगदी एकसारखे दोन फोटॉन ५०:५० बीमस्प्लिटरवर एकाच वेळी आले, तर दोघे एकाच दाराने बाहेर पडतात आणि कोइन्सिडन्स खाली जातो. घसरण ५० टक्क्यांहून जास्त असेल तर अभिजात प्रकाशाने तिचं स्पष्टीकरण देता येत नाही. घोडं पेंड खातं ते घसरण शोधताना. ३ नॅनोमीटरचा फिल्टर लावला असेल तर ८१० नॅनोमीटरला कोहेरन्स लांबी (मार्गांतल्या ज्या फरकापर्यंत इंटरफेरन्स टिकतो ती) जेमतेम ०.२ मिलिमीटर येते. मार्गाची लांबी बदलणारी स्टेज अर्ध्या मिलिमीटरच्या पावलांनी सरकवली तर घसरण दोन पावलांच्या मधेच राहून जाते. आधी दोन्ही मार्ग पट्टीने मिलिमीटरपर्यंत जुळवा, मग ५० मायक्रॉनने शोधा, सापडल्यावर १० मायक्रॉनने नीट मोजा. ती उथळ आली तर सर्वप्रथम ध्रुवीकरण तपासा. फायबर टेबलाला टेपने चिकटवलेलं नसेल तर नुसत्या हलण्यानेही ध्रुवीकरण फिरतं.

टेबलावर हात बसला की चिप. सिलिकॉनचा नेहमीचा वेव्हगाइड (चिपवरची प्रकाशाची वाट) २२० नॅनोमीटर जाड आणि ४५० ते ५०० नॅनोमीटर रुंद असतो, तर १५५० नॅनोमीटरला फायबरमधला मोड सुमारे १० मायक्रॉनचा. एवढ्या फरकामुळे आत-बाहेर जातानाच मोठा लॉस होतो. साध्या ग्रेटिंग कपलरला (फायबर आणि चिप यांत प्रकाश नेणारी खाचांची जाळी) एका बाजूने ३ ते ५ डीबी धरून चालायचं. वेव्हगाइडचा लॉस सेंटीमीटरला २-३ डीबी असू शकतो. हे दोन आकडे वेगळे करण्यासाठी डिझाइनमध्येच तीन-चार लांब्यांच्या सर्पिल रचना ठेवा: लॉस विरुद्ध लांबी असा आलेख काढला की उतार वेव्हगाइडचा आणि शून्यावरचा छेद कपलरचा. जागा वाचवायला या रचना वगळणारे पुढे पस्तावतात, कारण चिप फॅब्रिकेशनमधून यायला महिनोन्महिने लागतात.

फेज बदलायला हीटर असतात. १०० मायक्रॉन लांबीच्या हीटरने π (पाय) इतका फेज द्यायला सिलिकॉन साधारण ४३ अंशांनी तापवावं लागतं, त्यामुळे शेजारचा इंटरफेरोमीटरही (प्रकाश दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणणारी रचना) थोडा सरकतो. चिपखाली तापमान-नियंत्रक ठेवूनही हा क्रॉसटॉक पूर्ण जात नाही; तो मोजून कॅलिब्रेशनमध्ये धरावा लागतो. फेज व्होल्टेजच्या नाही, पॉवरच्या प्रमाणात बदलतो, म्हणून कोसाइनचा फिट पॉवरवर करा. व्होल्टेजवर केलात तर वक्र वाकडा येतो आणि दोष चिपवर जातो. हीटरचा रोधही तापमानाबरोबर बदलतो, म्हणून पॉवर काढताना व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोजा.

अशा इंटरफेरोमीटरचं जाळं कोणतंही युनिटरी मॅट्रिक्स (एकूण शक्यता तशीच राखणारं रूपांतर) साकारू शकतं. रेक आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये त्रिकोणी मांडणी दिली, क्लेमेंट्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आयताकृती. इंटरफेरोमीटर दोन्हींत तितकेच लागतात, पण आयताकृती मांडणीत एकामागून एक येणारे थर कमी आणि सगळ्या मार्गांचा लॉस सारखा, म्हणून सहसा तीच घेतात.

हेच जाळं ऑप्टिकल कम्प्युटिंगवालेही वापरतात, फक्त त्यात एकटे फोटॉन न सोडता लेझरचा प्रकाश सोडतात. २०१७ मध्ये एमआयटीच्या गटाने ५६ इंटरफेरोमीटरच्या चिपवर बोलण्यातले स्वर ओळखून दाखवले. अचूकता सुमारे ७७% आली, डिजिटल संगणकाची सुमारे ९२%. या शाखेतले दावे वाचताना एकच प्रश्न विचारा: डिजिटलमधून ॲनालॉगमध्ये आणि परत येण्याची ऊर्जा धरली आहे का? एन बाय एन मॅट्रिक्सला गुणाकार एनच्या वर्गाइतके होतात, रूपांतरं मात्र दोन एनच लागतात. म्हणून फायदा मोठ्या एनलाच दिसतो, आणि एन वाढवला की लॉस आणि फेजच्या चुका साचतात. लेझर आणि हीटरचा खर्च धरला नसेल तर आकडा अर्धवट समजा.

तयारीचं म्हणाल तर रेषीय बीजगणित आणि फॉक अवस्था (फोटॉनची संख्या ठरलेली असलेल्या अवस्था) पक्क्या करा, पायथॉनमध्ये डेटा घेण्यापासून आलेखापर्यंतचं काम स्वतः करा, सिम्युलेशनला क्यूटिप किंवा पर्सेव्हल आणि चिपच्या लेआउटला जीडीएसफॅक्टरी शिका. एफपीजीए (हवं तसं सर्किट भरता येणारी चिप), क्रायोजेनिक्स (अतिशीत तंत्र) आणि कंट्रोल इलेक्ट्रॉनिक्स येणाऱ्यांची या क्षेत्रात नेहमीच चणचण असते, त्यामुळे भौतिकशास्त्राची पदवी नाही म्हणून मागे राहू नका. गट निवडताना डिटेक्टर कोणाच्या वाट्याला किती दिवस येतात, गेल्या वर्षात चिपच्या किती खेपा झाल्या आणि स्रोतापासून डिटेक्टरपर्यंतचा एकूण लॉस किती, हे तिथल्या विद्यार्थ्यांना थेट विचारा. शेवटच्या प्रश्नाला आकडा लगेच मिळाला तर तो गट स्वतःची उपकरणं ओळखून आहे असं समजायला हरकत नाही.