ग्रानादात सकाळी टीव्हीवर विज्ञानाची मुलाखत, रात्री फ्लेमेंको: एकाच दिवसात दोन्ही नीट कसं जमवायचं

एसकेए हा अनेक देश मिळून बांधत असलेला मोठा रेडिओ टेलिस्कोप. त्यातल्या स्पेनच्या वाट्याच्या कामाचा समन्वय दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा शहरातली आंदालुसिया खगोलभौतिकी संस्था बघते, आणि एसकेएमधे भारतही आहे, त्यामुळे पुण्याच्या रेडिओ खगोलवाल्यांना मीटिंगसाठी तिकडं जायची वेळ येऊ शकते. आणि बाहेरून कोणी आलंय म्हटल्यावर लोकल टीव्हीवाले मुलाखत मागू शकतात. अशी संधी आली तर अजिबात सोडू नका, आणि त्याच दिवशी रात्री फ्लेमेंकोही बघा, म्हणजे तिथल्या आंदालुसिया भागातलं गाणं, गिटार नि नाच. माझा सल्ला एवढाच की दोन्ही एका दिवशी ठेवा पण त्या दिवशी तिसरं काही म्हणजे काही ठेवू नका. आल्हाम्ब्रा, म्हणजे तिथला प्रसिद्ध जुना किल्ला नि राजवाडे, तर नाहीच नाही. त्याचं तिकीट नावावर असतं, पासपोर्ट सोबत लागतो, आतल्या नास्री महालांची ठरलेली वेळ चुकली की तो भाग गेला, आणि चालून चालून पायाचे तुकडे पडतात. त्यासाठी वेगळा दिवस काढा.

आधी वेळेचं गणित. स्पेन उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे उन्हाळ्यात तिकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्या शरीराच्या हिशोबाने दुपारचा दीड असतो, डोकं छान चालू असतं, म्हणून मुलाखत सकाळची मागून घ्या. पण रात्री नऊचा शो म्हणजे आपले साडेबारा, अशा वेळी अंधाऱ्या खोलीत बसलात की डोळे मिटणारच, मग समोर कितीही भारी नाचणारी असो. म्हणून ग्रानादात पोचल्यावर निदान दोन रात्री नीट झोप झाल्याशिवाय हा दिवस ठेवू नका. मुंबईहून माद्रिदला उतरलात तर आतोचा स्टेशनवरून हायस्पीड ट्रेन आहे, साधारण साडेतीन तास धरा, पण त्याच संध्याकाळी कार्यक्रम असं करू नका.

मुलाखतीचा ईमेल आला की हो म्हणायच्या आधी चार गोष्टी विचारा. लाइव्ह आहे का रेकॉर्डेड, प्रत्यक्ष किती मिनिटं दाखवणार, कुठल्या भाषेत बोलायचं आणि दुभाष्या कोण देणार, शूटिंग कुठे. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कोणी म्हणालं की आपण सिएरा नेवादाच्या वेधशाळेत शूट करू, तर ती २,८९६ मीटरवर आहे, जायला यायला आणि थंडीवाऱ्यात उभं राहायला पूर्ण दिवस जातो, त्या रात्री फ्लेमेंको विसरा. सान निकोलासच्या चौकात शूट करू म्हणाले, मागे आल्हाम्ब्रा दिसतो म्हणून, तर दृश्य खरंच सुंदर आहे पण तिथे गर्दी असते आणि गिटार घेऊन बसलेले लोक असतात, आवाजाची वाट लागते. संस्थेचीच एखादी शांत खोली किंवा अंगण सुचवा. आणि हो, आपल्या इकडच्या आणि तिकडच्या दोन्ही संस्थांच्या प्रेसवाल्यांना आधी कळवा, अजून प्रसिद्ध न झालेल्या पेपरातलं काही बोलायचं नाही हे ठरवून घ्या, आणि मानधन मिळणार असेल तर तुमच्या व्हिसावर ते चालतं का हेही निघायच्या आधीच विचारा, तिकडे गेल्यावर नाही.

आता बोलायचं काय. स्पॅनिश प्रेक्षकाला जीएमआरटी, म्हणजे पुण्याजवळचा आपला मोठा रेडिओ टेलिस्कोप, माहीत नसतो, पण ग्रानादाच्या डोंगरावरची ३० मीटरची मोठी डिश, पिको वेलेताजवळची, त्याला ऐकून माहीत असू शकते. तिथून सुरुवात करा. म्हणा की तुमच्याकडे ३० मीटरची एक डिश आहे, आमच्याकडे नारायणगावजवळ खोडदच्या आसपास ४५ मीटरच्या ३० डिशेस आहेत. समोरच्याचे डोळे लगेच मोठे होतात. मग पुढचा प्रश्न येतोच की एवढ्या मोठ्या डिशेस उचलता कशा, आणि इथे खरं विज्ञान सांगायची जागा मिळते. आमच्या डिशेस जाळीच्या आहेत, तारांची जाळी, भोकं एक-दोन सेंटिमीटरची, वारा आरपार जातो. आम्ही ऐकतो त्या रेडिओ लहरी वीस सेंटिमीटरपासून मीटर-दोन मीटर लांबीच्या, त्यांच्यासाठी ही जाळी म्हणजे सलग पत्राच. तुमची डिश मिलिमीटरच्या लहरी पकडते, तिला जाळी चालत नाही, तिच्या पृष्ठभागावर केसाच्या जाडीचा उंचसखलपणासुद्धा महागात पडतो, आणि हवेतली वाफ या लहरी खाऊन टाकते म्हणून तिला २,८५० मीटरवर कोरड्या हवेत नेऊन बसवलंय. बघा, मिनिटभरात दोन्ही देशांचे टेलिस्कोप आले, लहरीची लांबी आली, आणि एकही अवघड शब्द नाही. असे तीन तुकडे तयार ठेवा, तीनच. पाठ करू नका, पण घरच्या कोणालातरी मोठ्याने सांगून बघा, आईला किंवा शेजारच्या काकूंना, त्या मधेच "म्हणजे काय रे" म्हणाल्या की ते वाक्य बदलायचं.

तुम्ही इंग्रजीत बोलणार आणि वरून स्पॅनिश आवाज चढवणार, किंवा खाली सबटायटल येणार, म्हणून वाक्यं छोटी ठेवा आणि प्रत्येक उत्तराच्या आधी नि नंतर एक सेकंद गप्प राहा, एडिटरला कापायला जागा लागते. प्रश्न बहुतेक कापला जातो, त्यामुळे उत्तर "हो, बरोबर" असं सुरू करू नका, पूर्ण वाक्याने सुरू करा. आकड्यांची एक गोष्ट खगोलवाल्यांनी नक्की लक्षात ठेवायची. इंग्रजीतलं बिलियन म्हणजे आपले शंभर कोटी, पण स्पॅनिशमधलं बियोन म्हणजे लाख कोटी, हजारपट जास्त. विश्वाचं वय १३.८ बिलियन म्हणालात आणि दुभाष्या घाईत असेल तर सगळंच बिघडलं. तेरा हजार आठशे मिलियन असं म्हणा, तिथे तसंच म्हणतात. आणि सुरुवातीला एक वाक्य स्पॅनिशमधे बोला, बुएनोस दियास, ग्रासियास पोर इन्वितार्मे, उच्चार कसाही असो, लोकांना मनापासून आवडतं.

कपड्यांचं. बारीक चौकड्या आणि बारीक रेघा नकोत, कॅमेऱ्यात त्या थरथरतात. मागे हिरवा पडदा असेल तर हिरवं काही नको, हे आधी विचारून घ्या. साडी नेसणार असाल तर जरूर नेसा, पण कडक सिल्क माईकजवळ सळसळतं, सुती किंवा मऊ साडी बरी. माईक पदराच्या निऱ्यांवर खांद्याजवळ लावतात, तिथे मंगळसूत्र किंवा लांब माळ आपटत असेल तर टकटक असा आवाज येतो, ती आत घ्या, बांगड्या काढून पर्समधे ठेवा. कुर्ता असेल तर माईकचा डबा अडकवायला खिसा किंवा पट्टा लागतो. कॅमेऱ्याकडे बघू नका, विचारणाऱ्याकडे बघा. शेवटी एक कागद सहीसाठी देतात, तुमचा चेहरा नि आवाज वापरायच्या परवानगीचा, तो मोबाइलवर भाषांतर करून वाचा मग सही करा.

एक प्रश्न हमखास येऊ शकतो, भारतीय माणूस दिसला की. आज रात्री फ्लेमेंको बघणार का, आणि ते म्हणे तुमच्या कथकमधून आलंय ना? इथे मोह आवरा. विज्ञानाच्या कार्यक्रमात बसलाय तर इतिहासही तेवढाच काळजीने सांगा. फ्लेमेंकोशी जोडलेल्या रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात त्या लोकांचे पूर्वज भारतीय उपखंडातून गेले हे त्यांच्या भाषेवरून आणि जनुकांच्या अभ्यासावरून चांगलं सिद्ध झालंय, स्पेनमधे ते पंधराव्या शतकात पोचले. पण फ्लेमेंको आजच्या रूपात घडलं आंदालुसियात, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, रोमा आणि तिथल्या इतर लोकांच्या हातून, आणि आजचं कथकही रोमा निघून गेल्यावर बऱ्याच शतकांनी आकाराला आलं. पायांचं काम सारखं दिसतं हे खरं, पण एकातून दुसरं आलं असं म्हणायला आधार नाही. एवढं शांतपणे सांगितलंत तर विचारणारा खूश होतो, आणि तिथल्या रोमा कलाकारांचं श्रेयही त्यांच्याकडे राहतं, जे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मुलाखत संपली की जेवा. तिकडे दुपारचं जेवण दोन ते साडेतीन, रात्रीचं नऊनंतर. ग्रानादात ड्रिंकबरोबर तापास फुकट येतात, ज्यूस घेतला तरी, पण शाकाहारी असाल तर नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, तिथल्या भाजीतही हॅमचे तुकडे असतात, आबास म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची भाजी तर हॅमबरोबरच प्रसिद्ध आहे. सिन हामोन, सिन आतून, म्हणजे हॅम नको, टूना मासा नको, असं स्पष्ट सांगा. वांग्याचे तळलेले काप वरून काकवीसारखा पाक घालून देतात, ते मागवा, आपल्याला आवडतातच. मग खोलीवर जाऊन दोन तास झोपा, खरंच झोपा.

उठल्यावर दहा मिनिटं बारा मोजायची सवय करा. फ्लेमेंकोतल्या सोलेआ, आलेग्रियास, बुलेरियास या प्रकारांचं चक्र बारा मात्रांचं असतं, जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर. मांडीवर टाळी देत मोजा, आधी दोनदा तीनचे गट, मग तीनदा दोनचे, ते लचकणं एकदा अंगात बसलं की रात्री दुप्पट मजा येते. तांगोस मात्र सरळ चारात चालतो.

जागा कुठली? ग्रानादात आहात तर साक्रोमोंते या डोंगरावरच्या वस्तीतल्या गुहा. डोंगरात कोरलेल्या, चुन्याने पांढऱ्या केलेल्या लांबट खोल्या, दोन्ही भिंतींना खुर्च्यांची एक एक ओळ आणि मधल्या पट्ट्यात नाच, नाचणारीच्या झालरीचा वारा गुडघ्याला लागतो इतकं जवळ. इथल्या प्रकाराला झाम्ब्रा म्हणतात, रोमा लग्नातल्या नाचांशी जोडलेला, त्यात आल्बोरेआ, काचुचा आणि मोस्का असे तीन नाच येतात. पर्यटकांची गर्दी असते हे खरं आहे, पण म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. ज्यांना गाणं ऐकायचंय त्यांनी आल्बाइसिन या जुन्या वस्तीतला ला प्लातेरिया हा १९४९ पासूनचा पेन्या, म्हणजे रसिकांचा क्लब, बघावा, बाहेरच्यांसाठी कार्यक्रम कधी आहे ते आधी बघून घ्या. दोन शो असतील तर लवकरचा घ्या, झोपेच्या हिशोबाने. गुहांकडे जायला प्लाझा नुएवा या शहरातल्या चौकापासून दारो नदीच्या काठाने, कुएस्ता देल चापिस हा चढाचा रस्ता चढून अर्ध्या तासात चालत पोचता, रस्ता दगडगोट्यांचा आणि चढाचा आहे तेव्हा सपाट चपला घाला, नाहीतर छोटी सिटी बस जाते.

आत बसल्यावर फ्लॅश नाही, व्हिडिओ नाही, आणि टाळ्या धरू नका. त्या टाळ्या, पाल्मास, हे तिथलं वाद्यच आहे, एक उघडी टाळी, एक बंद टाळी, मधे तुमची घुसली की ताल फाटतो. "ओले" मात्र मनापासून म्हणा, ओळ संपून गाणारा श्वास सोडतो तिथे, आपण समेवर दाद देतो ना अगदी तशी. सेगिरिया हा गाण्याचा प्रकार सुरू झाला तर एकदम गप्प, ते गाणं दुःखाचं असतं. लक्ष नाचावरच जातं, पण मधून मधून नाचणारीकडे बघणं सोडून गाणाऱ्याकडे बघा, तो तिला बघून गातो आणि ती त्याला ऐकून थांबते. याच शहरात १९२२ च्या जूनमधे, आल्हाम्ब्रात, संगीतकार मानुएल दे फाया आणि कवी लोर्का वगैरेंनी कान्ते होंदो, म्हणजे फ्लेमेंकोतल्या जुन्या, खोल गाण्याची स्पर्धा भरवली होती, जुनं गाणं बाजारू होऊन हरवू नये म्हणून, आणि बक्षीस मिळालेल्यांत सत्तरी ओलांडलेले एल तेनासास होते आणि बारा वर्षांचा मानोलो काराकोलही, जो पुढे फार मोठा गायक झाला.

शो संपल्यावर बस मिळेल याची खात्री नसते, टॅक्सीचं आधीच विचारून ठेवा. दुसऱ्या दिवशी टीव्हीवाल्यांना आभाराचा मेल टाका आणि त्यातच प्रक्षेपणाची तारीख विचारा, लिंक भारतात उघडेल का हेही विचारा, कारण काही कार्यक्रम देशाबाहेर दिसत नाहीत, तसं असेल तर फाइल मागून घ्या, घरच्यांना बघायचं असतं.